निरुपयोगी, एकूण नग एक्केचाळीस

आरोनमास्तर,

तुमच्या रिबकाचं पत्र येऊन आज पंचवीस दिवस झाले. पाकिटावरची तिकिटं बघून पोस्टमनच म्हणाला, "इस्राएलचं दिसतंय. मास्तरांचं का?" मी हो म्हटलं आणि दोन मिनिटं पाकीट तसंच हातात धरून बसलो. तुम्ही तिकडे राहायला जाऊन अकरा वर्षं झाली. त्यात तुम्ही मला एक ओळ लिहिली नाहीत, मीही लिहिली नाही. वाटलं, शेवटी मास्तरांनी विचारलंच. उघडून बघतो तर विचारणारा माणूस उरलेलाच नव्हता. आता या वयात खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं.

रिबकाचं अक्षर तुम्ही गिरवून घेतलंत तसंच आहे, गोल आणि सरळ रेषेत. ती लिहिते, "बाबांच्या ट्रंकेत पनवेलच्या संग्रहालयाच्या चिठ्ठ्या सापडल्या. दोऱ्यासकट जपून ठेवल्या होत्या. तिथे हव्या असतील तर पाठवते. काका, संग्रहालय दुसऱ्या जागी हलवलं असं बाबा म्हणायचे. आता तुम्हीच बघत असाल ना?" एका चिठ्ठीवर माझं नाव होतं म्हणून ती तिने पाकिटातच घातली आहे. तिच्याबद्दल शेवटी लिहितो. आधी लिहिलं तर बाकीचं लिहायचं बळ राहणार नाही.

म्हणजे तुम्ही पोटच्या पोरीलाही सांगितलं नाहीत. ती तेव्हा मुंबईला मावशीकडे शिकत होती, म्हणून ते जमलं.

तुम्ही गेल्याची बातमी इथल्या साप्ताहिकाच्या संपादकांपर्यंत गेली. माझ्याकडे येऊन म्हणाले, "चार ओळी द्या. तुम्ही त्यांच्या जवळचे. हाडाचे शिक्षक होते वगैरे." मी विचारलं, "आणि संग्रहालयाचं?" ते चपलांकडे बघत म्हणाले, "ते राहू द्या. गेलेल्या माणसाचं वाईट कशाला लिहायचं?"

म्हणून हे लिहायला बसलो. गावाच्या लेखी अजून तुम्ही संग्रहालय भंगारात विकून परदेशी गेलेले मास्तर आहात. ते कोणी केलं हे सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलोय, आणि मी पासष्ट वर्षांचा आहे. चार ओळींत मावणार नाही, हे संपादकांना सांगून ठेवलंय.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही शाळेतून निवृत्त झालात आणि नगरपालिकेच्या कचेरीत अर्ज घेऊन आलात. मी तेव्हा आवक-जावक सांभाळत होतो. गावातल्या जुन्या वस्तू ठेवायला एक खोली मिळावी, पगार नको, असा अर्ज. 'पगार नको' एवढंच वाचून तो मंजूर झाला असावा. बंदर रोडवरच्या जुन्या जकात नाक्याची कौलारू खोली मिळाली आणि 'मानद व्यवस्थापक' असं लांबलचक नाव. मी तुम्हाला म्हटलं, "मास्तर, मानद म्हणजे काय कळलं ना? फुकट." तुम्ही म्हणालात, "सदोबा, शाळेत तरी काय वेगळं होतं?"

अंदाजपत्रकात तुमचं संग्रहालय 'किरकोळ' या सदराखाली, उंदरांच्या औषधाच्या खाली आणि झेंड्याच्या दोरीच्या वर. तुम्ही काचेचं कपाट मागितलंत, तुम्हाला नाक्याचंच जुनं, खण अडकणारं टेबल मिळालं. दिवा मागितलात तर सांगण्यात आलं की वाचनालय सातला बंद होतं, तिथला घ्या. मग रोज संध्याकाळी सातला तुम्ही वाचनालयातला बल्ब काढायचा, गरम असायचा म्हणून रुमालात धरायचा, आणि बंदर रोडने चालत येऊन खोलीत लावायचा. तासाभराने तो पुन्हा परत नेऊन ठेवायचा. रस्त्यात लोक म्हणायचे, "मास्तर, सूर्य घेऊन निघालात?" कुलपासाठी तुम्ही तीन अर्ज केलेत. तिसऱ्या अर्जावर एका सभासदाने भर सभेत विचारलं, "मोडक्या सामानाला कुलूप कशाला?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. दुसऱ्या दिवशी घरच्या कोठीचं कुलूप आणून लावलंत.

मी त्या दिवसांत तुमचा मित्र होतो, मास्तर. हे एक तरी माझ्या बाजूने लिहू द्या. खाडीच्या चिखलात पडलेला तो दगडी नांगर आठवतो? पडावाला, म्हणजे मालाच्या होडीला, बांधायचा, मधे भोक पाडलेला. ओहोटी बघून आपण दोघं उतरलो. तुम्ही बंद गळ्याचा कोट न काढता उतरलात आणि गुडघ्यापर्यंत रुतलात. गाडीवान वर उभा राहून ओरडत होता, "मास्तर, आधी तुमाला काडू का दगडाला?" तुम्ही म्हणालात, "दगडाला काढ. मी बेवारशी नाही." त्या रात्री माझ्या बायकोने चिखलाचे कपडे बघून विचारलं की कचेरीत हल्ली शेतीही करता का. इतका हसलो होतो मी त्या वर्षात एकदाच.

आणि मग चिठ्ठ्या. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, तुमच्या गोल अक्षरात. चाकाची चिठ्ठी मला अजून पाठ आहे. "पनवेलच्या सुतारांनी केलेलं बैलगाडीचं चाक. घाटावरचे गाडीवान चाकं घ्यायला मुद्दाम इथे येत. एक आरा मोडका आहे, तो कर्जत वाटेवर मोडला." तुमच्या आजोबांच्या लाकडी घाण्यावर लिहिलं होतं, "यावर शनिवार सोडून सर्व दिवस तेल निघत असे. म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणतात."

कचेरीच्या आवारात आली ती प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढलीच पाहिजे, असा नियम. ते रजिस्टर माझ्याकडे. तुम्ही चिठ्ठी वाचून दाखवायचात आणि मी रकान्यात लिहायचो : "चाक, लाकडी, नग एक." "नांगर, दगडी, नग एक." तुम्ही वाकून बघायचात. "एवढंच?" "रकाना एवढाच आहे, मास्तर." तुम्ही मान हलवायचात. आपलं त्यावरचं भांडण कधी मिटलं नाही. तुमचं म्हणणं, नुसती वस्तू नोंदली म्हणजे काहीच नोंदलं नाही. माझं म्हणणं, कोणाचं चाक कुठे मोडलं हे लिहायला लागलो तर कचेरी बुडेल.

गव्हाणची बामीबाई याच काळात आली. मिठागरात राबणाऱ्या घरातली, नवरा जाऊन वर्ष झालेलं. मीठ ओढायची त्याची लांब दांड्याची फळी खांद्यावर टाकून आली होती. "घरात ठेवली तं चुलीत जाल. तुमचे इथं ऱ्हाव दे. पन मी येन तवा दावायची." तुम्ही शब्द दिलात. नारळी पौर्णिमेच्या बाजाराला ती पनवेलला यायची आणि आधी खोलीत शिरायची. भिंतीवर तुम्हीच लिहिलेलं 'हात लावू नये'. ती यायची तेव्हा तुम्ही त्या पाटीसमोर उभे राहायचात, पाटी दिसू नये म्हणून. ती दांड्यावरून हात फिरवायची, नवऱ्याचा अंगठा जिथे घासून खळगा पडला होता तिथे थांबायची, आणि जायची.

आता शनिवारचं सांगितलं पाहिजे.

रजिस्टराची वार्षिक पडताळणी मार्चच्या शेवटच्या शनिवारी व्हायची. शनिवार तुमच्या धर्मात विश्रांतीचा, त्या दिवशी तुम्ही लेखणी हातात धरायचा नाहीत. पहिल्याच वर्षी हा पेच आला तेव्हा मीच तोड काढली होती. पडताळणीचे कोरे तक्ते मी शुक्रवारी दुपारी तुमच्या घरी आणायचो, तुम्ही दिवे लागायच्या आत तळाशी सह्या करायचात आणि वरचे रकाने मी शनिवारी भरायचो. सात वर्षं असं चाललं. कोऱ्या कागदावर सही करू नये हे तुम्ही जन्मभर मुलांना शिकवलंत. मी एकदा तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, "कोरा कुठे आहे? खाली मी आहे, वर तू आहेस." दर वर्षी 'स्थिती' या रकान्यात मी एकच लिहायचो : "जुने, ठीक."

तलवारीचं मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल तेवढंच.

आमच्या घरी एक तलवार आहे. पणजोबांनी ती लढाईत वापरली असं आजोबा सांगायचे. लढाईचं नाव दर वर्षी बदलायचं. खंडेनवमीला तिची पूजा, झेंडूची माळ, कोहळा. त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती पीतांबरात गुंडाळून खोलीत आणली. बरोबर कचेरीतले दोघे होते आणि पेणहून आलेले माझे व्याही. मला त्यांना दाखवायचं होतं की आमच्या घराचं नाव संग्रहालयात लागतंय. तुम्ही तलवार हातात घेतलीत, तोललीत, पात्यावर नख मारून आवाज ऐकलात आणि म्हणालात, "सदोबा, ही नाटकातली आहे."

कोणीतरी खुदकन हसलं. व्याही छताकडे बघायला लागले.

"पात्याला कधी पाणी पाजलेलंच नाही. एखाद्या नाटक मंडळीने इथे मुक्काम केला असेल, भाड्यापायी ठेवून गेली असेल." मग तुम्ही माझा चेहरा बघितलात आणि घाईने म्हणालात, "पण आण. मला हवी आहे. चिठ्ठीवर खरं लिहीन, एवढंच."

'आण' हा शब्द मी तेव्हा ऐकलाच नाही. पीतांबर गुंडाळला आणि घरी आलो.

गेल्या वर्षी एकटा असताना ती तलवार गुडघ्यावर टेकवून दाबली. वाकली. तुमचंच बरोबर होतं.

पुढच्या मार्चमध्ये मी नेहमीसारखा शुक्रवारी तक्ते घेऊन तुमच्याकडे आलो. रविवारी तुम्ही वहिनींना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला नेणार होतात. ओट्यावर बसून तुम्ही तीन कागदांवर सह्या केल्यात. वहिनींनी चहा दिला. तुम्ही टाक पुसता पुसता विचारलंत, "अजून रागावलायस?" मी म्हटलं, "कशाबद्दल?" तुम्ही टाक दौतीशेजारी ठेवलात. "बरं," म्हणालात.

शनिवारी मी टेबलाशी बसलो. पहिली ओळ चाकाची. 'स्थिती'च्या रकान्यात लिहिलं : "मोडके, निरुपयोगी." खाली चाळीस वेळा 'सदर', म्हणजे वरच्यासारखंच. शेवटी बेरीज : "निरुपयोगी, एकूण नग एक्केचाळीस."

मला कोणी सांगितलं नव्हतं. हे स्पष्ट लिहितो, कारण नंतर वरच्यांची नावं घेऊन मी माझ्या बायकोची समजूत घातली होती. एका सभापतींना ती खोली आवडली होती, वारा येतो म्हणाले होते, इतकंच मी ऐकलं होतं. हेडक्लार्कची जागा जूनमध्ये रिकामी होणार होती. खोली रिकामी झाली तर कोणाच्या तरी लक्षात राहील की ती कोणामुळे झाली, असा हिशेब मी एकट्याने केला. आणि त्या हिशेबाच्या खाली व्याह्यांसमोरचं ते हसू होतं. ते नसतं तर नुसत्या जागेसाठी मी हे केलं नसतं, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

कचेरीत कागद एकदा वर गेला की त्याला ढकलावं लागत नाही. 'निरुपयोगी' शेरा पडलेल्या वस्तूंची यादी, यादीला मंजुरी, मंजुरीवर लिलाव. नोटीस फळ्यावर लागली होती, ती मीच लावली. तुम्ही मुंबईला होतात. मला दोन आण्यांचं पाकीट पाठवता आलं असतं.

लिलाव मागच्या आवारात झाला. गळक्या बादल्या, रस्त्यावरचे जुने कंदील आणि तुमच्या एक्केचाळीस वस्तू. लाकूड वखारवाल्याने उचललं. घाणा तिथेच फोडला, नेण्याला सोपा जावा म्हणून. घेणाऱ्यांना कागद नको होते, म्हणून झाडूवाल्यांनी दोरे कापून चिठ्ठ्या खाली टाकल्या.

तुम्ही त्याच दुपारी परत आलात. एस.टी.तून उतरून बॅग हातात तशीच. मी वरच्या खिडकीत होतो. गाड्या गेल्या होत्या. आवारात फक्त चिठ्ठ्या होत्या, वाऱ्याने इकडेतिकडे झालेल्या. तुम्ही बॅग खाली ठेवलीत, डोक्यावरची काळी टोपी काढलीत आणि वाकून वाकून एकेक चिठ्ठी टोपीत गोळा करायला लागलात. एका झाडूवालीने झाडू टाकला आणि ती तुम्हाला वेचून द्यायला लागली. तिला वाचता येत नव्हतं, प्रत्येक चिठ्ठी सुलटी करून ती तुमच्या हातात देत होती. एकदा तुम्ही वर बघितलंत. मी मागे सरलो.

आठ-दहा दिवसांनी सभेत कोणीतरी विषय काढला. साहेबांनी तुम्हाला बोलावलं. मी रजिस्टर घेऊन शेजारी उभा.

"ही सही तुमची?"

"माझी."

"वरचं वाचून केलीत?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. तुम्ही वर्गात एखाद्या पोराला उत्तर येतंय का बघायचात, तसं. मी बोलावं म्हणून तुम्ही मला वेळ दिलात. मला वाटतं भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकला असेल तेवढा. मी रजिस्टराची कड नखाने सरळ करत होतो.

"सही माझी आहे," तुम्ही पुन्हा म्हणालात आणि नमस्कार करून निघून गेलात.

कोऱ्या सहीवर मजकूर भरला म्हणून माझी नोकरी गेली असती. तुम्ही ती वाचवलीत. लोक याला मोठेपणा म्हणतील. मला तो कधीच मोठेपणा वाटला नाही, मास्तर, आणि हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. तुम्ही ओरडला असतात, दारात येऊन चार लोकांत शिव्या दिल्या असत्यात, तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. तुम्ही गप्प बसून मला हेडक्लार्क केलंत. त्या मोठ्या टेबलाशी मी पाच वर्षं बसलो.

एकदाच आपण त्यावर बोललो. गावातल्या इस्राएल तळ्याच्या पायरीवर तुम्ही बसला होतात, मी मुद्दाम तिकडून गेलो. तुम्ही विचारलंत, "चाकाच्या रकान्यात नुसतं 'मोडके' लिहून का थांबला नाहीस? मग ते दुरुस्तीला गेलं असतं." मी शेजारी बसलो आणि पायरीवरचं शेवाळ खरवडू लागलो. तुम्ही म्हणालात, "मोडकं होतंच. निरुपयोगी हे तू घातलंस." मग पाण्याकडे बघत राहिलात. मी उठलो. तुम्ही बस म्हणाला नाहीत.

त्यानंतर गावाने बोलायला सुरुवात केली. मास्तरांनी सामान फुंकलं. यहुदी लोक चाललेच आहेत तिकडे, यांनाही जायचं असेल, तिकिटाची सोय केली. जो माणूस आजोबांचा घाणा जपायला घरातून संग्रहालयात आणतो, तो तोच घाणा जळणाच्या भावाने कशाला विकेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. हॉटेलात माझ्या शेजारच्या बाकावर एकाने मला विचारलं, "काय हो सदाशिवराव, तुम्ही तर आतले. खरं का हे?"

मी बशीत चहा ओतला आणि म्हटलं, "कोण जाणे."

रजिस्टरात लिहिलं ते एका शनिवारी, रागात. हे दोन शब्द मी राग नसताना बोललो. मला विचाराल तर मोठा गुन्हा हा.

पुढच्या वर्षी तुम्ही खरोखरच निघालात, आणि लोक म्हणाले, बघा. निघण्याआधी तुमच्या घरी प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याचा विधी झाला. वहिनींनी आमच्याकडे ताट पाठवलं, गोड पोहे, खोबरं, फळं, वर स्वच्छ रुमाल. ऑपरेशननंतर त्यांना एकाच डोळ्याने दिसत होतं, तरी रुमालाच्या घड्या नीट होत्या. मी ताट दारातूनच परत केलं. घरात सोवळं आहे म्हणून सांगितलं. ज्या माणसाने तुमच्या ओट्यावर सात वर्षं वहिनींच्या हातचं खाल्लं त्याने हे सांगितलं.

ही यादी मी तुमच्यासाठी करत नाही. तुम्हाला सगळं माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी करतोय.

रिबकाचं पत्र आल्यावर मी पहिल्यांदा कचेरीत गेलो. जुनं डेडस्टॉक रजिस्टर काढायला लावलं आणि म्हटलं, त्या पानाच्या शेऱ्याच्या रकान्यात मला एक ओळ लिहायची आहे. आताचा हेडक्लार्क माझ्याच हाताखाली तयार झालेला. हात जोडून म्हणाला, "काका, बंद झालेल्या रजिस्टरात शेरा मारता येत नाही." हा नियम मीच त्याला शिकवला होता. म्हणून तो शेरा इथे मारतो. पडताळणी तक्त्यावरील मजकूर व्यवस्थापकांच्या गैरहजेरीत, त्यांना न विचारता, माझ्या हाताने लिहिलेला आहे. व्यवस्थापकांनी कोणतीही वस्तू विकलेली नाही. वस्तू निरुपयोगी नव्हत्या.

मग गव्हाणला गेलो. लिलावाच्या वर्षी नारळी पौर्णिमेला बामीबाई आली नव्हती. पुढेही कधी आली नाही. मला वाटलं होतं, विसरली, आणि बरं वाटलं होतं. आता ती अंगणात खाटेवर बसलेली असते, नजर मंद झाली आहे.

"कोन?"

"मी पनवेलच्या कचेरीतला. मास्तरांबरोबर असायचो."

"तो चष्म्याचा कारकून?"

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. संपल्यावर म्हणाली, "मास्तर आला हुता. फली गेली त्याचे आठवे दिशी. अर्दी वाट चालत आला, पाय सुजलं हुतं. बोल्ला, बामीबाई, तुजी फली माज्याकडून गेली, माफ कर."

"त्यांच्याकडून नाही गेली. माझ्याकडून गेली."

"ते मना काय ठाव? तो बोल्ला तो मी आयकला." मग विचारलं, "कं गेली ती?"

मला माहीत होतं. दुसऱ्या वर्षी एका बेकरीत मी ती पाहिली होती. वखारीतून बेकरीवाल्याने घेतली, भट्टीतून पाव ओढायला. टोक जळून आखूड झालं होतं, पण दांड्यावरचा खळगा तसाच होता. मी पाव घेऊन घरी आलो होतो. हेही तिला सांगितलं.

"म्हंजे कामाला आली," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्याला आठ दिस लागलं. तुला किती लागलं रं?"

"बारा वर्षं."

"तो कं हाय आता?"

"गेले. परदेशात."

"मंग तू कोनासाठी आलास?"

सुनेने पाणी आणून दिलं ते प्यायलो आणि उठलो. तुम्ही सुजलेल्या पायांनी तिथवर गेलात आणि माझी चूक तुमची म्हणून तिच्या पदरात टाकून आलात. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्ही साहेबांपुढे उभे होतात आणि मी शेजारी. माझ्या आधी तुम्ही कुठे कुठे जाऊन आला होतात, मास्तर? अजून किती दारं आहेत?

आता ती चिठ्ठी.

पुठ्ठा पिवळा पडला आहे, भोकात दोरा आहे, पण दोऱ्याला गाठ मारलेली नाही. बाकीच्या चिठ्ठ्यांचे दोरे कापलेले आहेत असं रिबका लिहिते. हा कशाला बांधलाच गेला नव्हता. वर तुमचं अक्षर :

"क्रमांक ४२. तलवार. नाटक मंडळीची, बोथट. सदाशिवरावांच्या घरी तीन पिढ्या खंडेनवमीला पूजली गेली. पूजा खरी."

कोपऱ्यात तारीख आहे. मी तलवार परत नेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे मी पीतांबर गुंडाळून गेलो आणि एका दिवसाच्या आत तुम्ही चिठ्ठी लिहून ठेवलीत. मार्चमधल्या त्या शुक्रवारी मी तुमच्या ओट्यावर चहा पीत होतो तेव्हा ती घरातच कुठेतरी होती. "अजून रागावलायस?" हे तुम्ही त्या चिठ्ठीसाठी विचारलं होतंत. मी नाही म्हटलं असतं, तर तुम्ही ती आणून माझ्या हातात दिली असती, आणि दुसऱ्या दिवशी 'जुने, ठीक' असं मी बेचाळीस वेळा लिहिलं असतं.

रिबकाला सगळं लिहून पाठवलं आहे. संग्रहालय नाही, ते कोणी मोडलं, आणि चिठ्ठ्या तिच्याकडेच राहू देत, इथे त्या बांधायला काही शिल्लक नाही. एक नांगर तेवढा आहे. वरच्या आळीच्या नळापाशी बायका त्यावर कपडे आपटतात. भोकातून पाणी चांगलं वाहून जातं.

तलवार मी देवघरातून काढून पुढच्या खोलीत भिंतीवर लावली आहे. मुठीला तुमची चिठ्ठी बांधली. गाठ मी मारली. येणारे वाचतात, हसतात आणि विचारतात, ही क्रमांक बेचाळीस, मग एक्केचाळीस कुठे आहेत? मग मी त्यांना बसवतो आणि चाकापासून सांगायला सुरुवात करतो. कोणाचं होतं, कुठे मोडलं, आणि शेवटी त्यावर काय लिहिलं, कोणी. काही जण पुन्हा येत नाहीत. व्याही आले होते, त्यांनाही सांगितलं.

गावचं संग्रहालय सध्या एवढंच आहे, मास्तर. संध्याकाळी सातला दिवा लावतो. शनिवारी बंद ठेवतो.